पिंपरावांची घाई

४ फेब्रुवारी

उजव्या हाताने रोज लिहा, व्यायामवाली म्हणाली. लिहिलं.

५ फेब्रुवारी

हात दुखतो.

८ फेब्रुवारी

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एवढी ओळ लिहीपर्यंत चहा गार झाला.

१३ फेब्रुवारी

व्यायामवाली आज वही बघून गेली. ही मुलगी एक दिवसाआड घरी येते, माझा हात चोळते, मुरगाळते आणि वर मलाच दमात घेते. काहीही लिहा पण डाव्या हाताची मदत नको, असं बजावलं. काय लिहू विचारलं, तर म्हणाली मनातलं लिहा. मनातलं लिहिलं तर ती ही वही परत उघडणार नाही.

१९ फेब्रुवारी

आज जरा जास्त लिहून बघतो.

डिसेंबरात झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय परत आला. बोलणं तर सगळ्यात आधी आलं, ते थोडं उशिरा आलं असतं तरी चाललं असतं असं बायकोचं मत आहे. राहिला हा हात. माझं चष्म्याचं दुकान आहे. फ्रेमच्या बिजागरीतला स्क्रू तिळाएवढा असतो. तो चिमट्यात धरून बसवता आला तर मी चष्मेवाला, नाहीतर दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला या बसा म्हणणारा गृहस्थ. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा संपेपर्यंत हातात जेवढं परत येईल तेवढं आपलं.

सध्या दुकान धाकटा भाऊ बघतो. रोज संध्याकाळी एखादी फ्रेम आणून पुढ्यात ठेवतो आणि विचारतो, दादा, हिचं काय करू? त्याला सगळं येतं. माझ्यावाचून तिथे काही अडलेलं नाही हे दाखवायला आणतो, दुसरं काय.

हात भरून आला. पुरे.

२४ फेब्रुवारी

झटक्यानंतर आज पहिल्यांदा गच्चीवर गेलो. बायकोने एका हाताने मला धरलं, दुसऱ्या हातात दुर्बीण.

आमचा एक छंद आहे, त्यापायी शेजारीपाजारी आम्हाला चक्रम म्हणतात. सूर्य बुडाला की जमिनीवर अंधार होतो, पण फार वर अजून ऊन असतं. त्या उन्हात पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह चमकतात आणि ताऱ्यांमधून गुपचूप चालत जाताना दिसतात. आम्ही नुसतं बघत नाही, वेळ धरतो. ही दुर्बिणीतून बघते, उपग्रह ठरलेल्या ताऱ्यापाशी आला की ‘आत्ता’ म्हणते आणि मी स्टॉपवॉच दाबतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून हे असंच चालत आलंय. तिने बघायचं, मी दाबायचं. कारण सगळ्यांना चष्मे लावणाऱ्या माझ्याच नाकावर सगळ्यात जाड भिंगं आहेत.

ती वेळ आम्ही गणितमास्तरांना कळवतो. हे गृहस्थ परदेशात असतात, कधी भेट नाही. जगभरातल्या चक्रमांच्या वेळा गोळा करून कुठला उपग्रह कुठे आहे याचं गणित ते मांडतात, आणि ज्याची त्याची चूक त्याला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत कळवतात. आमची चूक कधी दोन दशांशांच्या वर गेलेली नाही. याचा मला किती गर्व आहे ते लिहीत नाही, लिहिलं तर व्यायामवाली वाचेल.

आज पिंपरावांची फेरी होती. पिंपराव म्हणजे एका जुन्या रॉकेटचं रिकामं नळकांडं, काम झाल्यावर वरच सोडून दिलेलं. हे नाव हिने ठेवलं. ठळक दिसतात, वेळ चुकवत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. ही ‘आत्ता’ म्हणाली. मी अंगठ्याला दाब म्हणालो. त्याने ऐकलं, पण कचेरीतल्या कारकुनासारखं, सावकाश.

२५ फेब्रुवारी

मास्तरांचं उत्तर आलं. सव्वा सेकंद उशीर. सगळं ठीक आहे ना, असंही विचारलंय.

सव्वा सेकंदात पिंपराव चंद्राच्या बिंबाहून जास्त अंतर तोडतात. मी बायकोला स्पष्ट सांगितलं, ज्या अंगठ्याला एक बटण वेळेवर दाबता येत नाही तो स्क्रू काय बसवणार? परवा पिंपराव पुन्हा येतायत. तेव्हाही असंच झालं तर धाकट्याला बोलावून दुकान त्याच्या स्वाधीन करतो आणि मोकळा होतो. रोज आशेवर जगणं मला जमत नाही.

ती उठून आत गेली. बराच वेळ स्वयंपाकघरात भांड्यांची आवराआवर चालू होती. मग स्टॉपवॉच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, जरा सराव करू. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत ती ‘आत्ता’ म्हणायची, मी दाबायचं. दर वेळी स्टॉपवॉच माझ्या हातातून काढून घेऊन आकडा बघायची, मला दाखवायची नाही. मी खट्टू होईन म्हणून असेल. तासभर हा खेळ चालला होता. शेवटी म्हणाली, कळलं. काय कळलं विचारलं तर म्हणाली, झोपा आता.

२८ फेब्रुवारी

चूक एक दशांश! फक्त एक!

अंगठा मंद असेल, पण माझा अंदाज शाबूत आहे. इतक्या वर्षांची सवय कुठे जाते? दुकान द्यायचा विषय बंद. संध्याकाळी धाकटा आला तेव्हा त्याला आकडा दाखवला. म्हटलं, अजून खुर्ची रिकामी झालेली नाही, लक्षात ठेव. तो उगाच हसत सुटला आणि डोळे पुसायला लागला. त्याला हसायला काय, दोनदा भुवया उडवल्या तरी हसतो.

ही मात्र ‘बरं झालं’ एवढंच म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली.

११ मार्च

सदऱ्याची बटणं स्वतः लावली. एक काज चुकलं, त्यामुळे दिवसभर तिरपा दिसत होतो. काढून परत लावायचं धाडस झालं नाही.

१७ मार्च

पिंपराव तीन दशांश आधी आले. मास्तर म्हणतात, एवढं चालायचंच. त्यांचं चालत असेल. मला वेळेवरच्या माणसाने आधी यायचंही आवडत नाही.

२९ मार्च

आज अर्धा सेकंद आधी. मागच्या आठवड्यात चार दशांश. म्हणजे हे वाढत चाललंय.

मी दुपारभर विचार करत बसलो आणि मग अंगावर काटा आला. उपग्रह हवेला घासून खाली उतरायला लागला की मंदावत नाही, उलट आतल्या लहान फेरीत येऊन जास्त वेगाने फिरतो आणि दर खेपेला वेळेआधी हजर होतो. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, पण आहे असंच. पिंपराव ज्या उंचीवर आहेत तिथे हवा जवळजवळ नाही. ते अजून कैक वर्षं उतरायला नको होते. ते उतरतायत, आणि हे पहिल्यांदा बघणारे आम्ही दोघं. मी आणि ही.

हिला सांगितलं. मला वाटलं होतं नाचेल. ती म्हणाली, इतक्यात कोणाला कळवू नका. बायकांना जोखीम नको असते.

४ एप्रिल

कळवलं. सगळ्या मंडळाला, म्हणजे मास्तरांना वेळा पाठवणाऱ्या जगभरच्या चक्रमांना, एकदम. आधी कच्चा मजकूर वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढला, चार पानं, एका बैठकीत. मग धाकट्याकडून टाइप करून घेतला. टाइप करता करता तो पुन्हा पुन्हा ती पानंच बघत होता. मी म्हटलं, शास्त्रीय आहे, तुला कळायचं नाही. तो म्हणाला, दादा, हे सगळं तू लिहिलंस? मी म्हटलं, मग काय पिंपरावांनी?

झोप लागत नाहीये. आयुष्यभर लोकांना बघायला मदत केली. एकदा काहीतरी मी आधी बघितलं.

९ एप्रिल

मास्तरांचं उत्तर. भाषा सभ्य, पण तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणतात, इतर चार ठिकाणांहून पिंपराव वेळेवर दिसले. फक्त आमच्या गच्चीवरून आधी दिसतात. कृपया स्टॉपवॉच तपासावं.

तपासलं. स्टॉपवॉच ठणठणीत आहे. त्या चौघांनी आपापली डोकी तपासावीत.

आज धाकटाही गच्चीवर आला होता. पिंपराव नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, म्हणून तोही वर मान करून उभा. हिने ‘आत्ता’ म्हटल्यावर म्हणतो, वहिनी, अजून तो ताऱ्याशी पोचला नव्हता. ही म्हणाली, भावजी, दुकानात बसता ना, आपलेही डोळे एकदा तपासून घ्या. मला फार हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा वर बघणारे आता आम्हाला शिकवणार.

१६ एप्रिल

आठ दशांश आधी. मास्तरांनी शेवटचं म्हणून सुचवलंय की पिंपराव बाजूला ठेवा आणि दुसरे तीन उपग्रह धरा, ज्यांच्याबद्दल शंकाच नाही असे. त्यांनी यादीही दिली. हे मला मान्य आहे. ते तिघं वेळेवर येतील आणि पिंपराव एकटेच घाईत आहेत हे चारचौघांत सिद्ध होईल.

हिचं मात्र मन नाही. म्हणाली ढग येतील. आभाळ स्वच्छ होतं. मग म्हणाली पाय दुखतोय. पाय दुखत असताना ती दोनदा जिना उतरून बाजारात जाऊन आली.

१८ एप्रिल

तिन्ही आधी. पिंपरावांइतकेच, आठ दशांश.

मी कपाळाला हात लावला. आभाळातली सगळी वाहनं एका आठवड्यात घाईला आली असं तर होत नाही. मग चूक इथली, गच्चीवरची. स्टॉपवॉच बरोबर. माझा अंगठा चुकला तर उशीर करेल, आधी कसा दाबेल? म्हणजे उरली ही. ती लवकर ‘आत्ता’ म्हणतेय, कारण उपग्रह कुठे आहे ते तिला नीट दिसत नाहीये.

मी घाबरलो. मी चष्मेवाला, आणि गेले चार महिने स्वतःचा हात कुरवाळत बसलोय. समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं राहून गेलं.

अक्षरांचा तक्ता भिंतीला लावून तिची नजर तपासली. तिने शेवटची ओळ घडाघडा वाचली. खालचं छापखान्याचं बारीक नावही वाचलं आणि म्हणाली, अजून काही? तिचे डोळे विशीतल्या पोरीसारखे आहेत. मग मला काहीच कळेना.

१९ एप्रिल

आज सगळं कळलं. शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

मी म्हटलं, आज अदलाबदल. मी बघतो, तू दाब. ती नको नको म्हणाली, मी ऐकलं नाही. उपग्रह ठळक होता, माझ्या जाड भिंगांनाही दिसला. मी ‘आत्ता’ म्हणालो, तिने दाबलं. खाली येऊन आकडा मास्तरांनी आधी कळवलेल्या वेळेशी ताडून बघितला. एक दशांशसुद्धा फरक नाही. म्हणजे उपग्रह वेळेवर आहेत, तिचे डोळे वेळेवर आहेत, स्टॉपवॉच वेळेवर आहे.

मी आकड्याकडे बघत बसलो. ती समोर येऊन बसली.

“अहो, मी आधी म्हणत होते,” ती म्हणाली.

“काय आधी म्हणत होतीस?”

“आत्ता. तुमचा अंगठा एक सेकंद उशिरा दाबायचा. त्या दिवशी घड्याळासमोर बसून मोजलं मी. तुम्ही दुकान सोडायची भाषा केली होतीत, म्हणून मी तो ताऱ्याशी यायच्या एक सेकंद आधी म्हणायला लागले. तुमचा उशीर, माझी घाई, बेरीज बरोबर.”

मला राग आला, हे लिहून ठेवतो. फार राग आला. म्हणजे तो एक दशांश माझा नव्हता. मी धाकट्याला दाखवलेला, मिरवलेला तो आकडा हिने मला लहान मुलाला खाऊ द्यावा तसा हातावर ठेवला होता. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, हो, ठेवला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवेन. तुम्ही हातपाय गाळून बसला असतात तर मी काय करणार होते?

मी उठून दारापर्यंत गेलो. आणि दाराशी पोचल्यावर मला हिशोबातली गोम दिसली.

“तू नेहमी एकच सेकंद आधी म्हणायचीस?” मी विचारलं. “की वाढवत गेलीस?”

“एकच. पहिल्या दिवशी बसवला तेवढाच. तो अगदी पक्का बसला होता माझ्या जिभेवर.”

“मग आम्ही आठ दशांश आधी कसे झालो?”

ती बोटांवर मोजायला लागली. मीही. तिची घाई तेवढीच होती. कमी होत गेला तो माझा उशीर. मार्चात तीन दशांश कमी, मग चार, पाच, आता आठ. पिंपराव आभाळात तसूभरही हलले नव्हते. ज्याला मी पिंपरावांचं कोसळणं म्हणून जगभर जाहीर केलं, तो माझा अंगठा होता, रोज थोडा थोडा परत येत असलेला.

ती रडली. डिसेंबरात दवाखान्यात रडली नव्हती, आज रडली. मी रडलो की नाही ते व्यायामवालीला वाचायला नको.

२० एप्रिल

व्यायामवाली आली. तिला सगळे आकडे तारखांसकट सांगितले. तिने खुर्ची ओढून घेतली, या वहीचं पहिलं पान आणि कालचं पान समोरासमोर धरलं आणि विचारलं, तुम्हाला खरंच कळलं नाही? मी म्हटलं, मी आभाळाकडे बघत होतो. तिने सगळं मोबाइलवर उतरवून घेतलं. हात कसा सुधारतोय ते आम्हाला अंदाजाने सांगावं लागतं, म्हणाली, सेकंदाच्या दहाव्या भागात मोजून देणारा पेशंट पहिल्यांदा बघितला.

मंडळाला पत्र पाठवलं. या वेळी मजकूर छोटा. पिंपराव पडत नाहीत. मी चुकलो. ते वेळेवर आहेत आणि माझा उजवा हात बरा होतोय. आमच्या फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या वेळा गणितातून काढून टाकाव्यात. बायकोने काय केलं तेही लिहिलं. तिला विचारून लिहिलं. ती म्हणाली, लिहा, माझं हसं झालं तर झालं.

२३ एप्रिल

हसं झालं नाही. बारा देशांतून उत्तरं आली. एकाने लिहिलंय, त्याच्या बायकोने हे वाचून त्याला विचारलं की माझ्यासाठी तू कधी एक सेकंद आधी बोललास का, आणि त्याला काही आठवेना. मास्तर एरवी आकड्यांपलीकडे एक शब्द लिहीत नाहीत. त्यांनी कळवलं, वेळा काढून टाकणार नाही, वेगळ्या ठेवतो. पुढे लिहितात, इतकी वर्षं गणित करतोय, पण कुणाची चूक वाढत गेली म्हणून आनंद व्हायची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी पिंपराव येणार होते. वर जाताना मी तिला बजावलं, आज मला काही द्यायचं नाही. तो येईल तेव्हाच म्हणायचं. तिला ते जड गेलं. दुर्बिणीला डोळा लावून ती ओठ घट्ट मिटून उभी होती. ‘आत्ता’ म्हणाली आणि मी दाबलं.

दोन दशांश उशीर. झटक्याच्या आधी होता तेवढाच, आणि सगळा माझा.

२५ एप्रिल

आज दुकानात गेलो. धाकट्याने दिव्याची मान माझ्या बाजूला वळवली. एक आजीबाई आल्या होत्या, चष्म्याची काडी हातात वेगळी घेऊन. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं माणूससुद्धा धड दिसत नव्हतं. उशीर लागेल का म्हणाल्या.

मी चिमट्यात स्क्रू धरला. पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदाही पडला, आणि धाकटा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून उभा राहिला. तेव्हा मला उमगलं की इतके दिवस तो फ्रेमा मला दाखवायला आणत नव्हता, माझी खुर्ची माझीच राहावी म्हणून आणत होता. मी त्याला हाक मारून म्हटलं, इकडे ये, उजेड धर. तो आला. त्याने दिवा बिजागरीवर धरला.

तिसऱ्यांदा स्क्रू बिजागरीत उतरला. मी तीन फेरे दिले आणि काडी उघडून मिटून बघितली.

आजीबाईंनी चष्मा चढवला, आधी धाकट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, दुकान तुमचं होय?

“हो,” मी म्हणालो, “माझं.”